बाबांची चार वाक्यं

ताईच्या होणाऱ्या सासूबाईंना फक्त इंग्रजी येत होतं, म्हणून बाबांनी माझ्याकडून चार वाक्यं शिकायला घेतली. बाबा शिंपी. दुकानात ताईच्या नव्या झग्याची किनार टाचता टाचता ते घोकायचे.

"लग्न बुधवारी आहे, तेव्हा वेन्सडे. मधला डी म्हणायचा नाही, बाबा."

"मग ठेवलाय कशाला तिथे? आणि पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का? सख्खी भावंडं दिसतात की!"

"त्याला नियम नाही. पाठच करायचं."

"असं बिननियमाचं कापड मी बेतलं असतं, तर गिऱ्हाइकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं!"

ताई हसायची. "राहू द्या ना, बाबा. मी आहे ना बोलायला."

पण बाबा हट्टाला पेटले होते. शेवटी मी त्यांचं बोलणं मोबाइलवरच्या उच्चारांशी ताडून पाहिलं, एकही शब्द चुकत नव्हता.

पाहुणे आले. बाबा उठले, शर्ट सारखा केला, घसा खाकरला आणि पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन इंग्रजीत म्हणाल्या,



"अहो, बोलायचा प्रयत्नसुद्धा करू नका! ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज कायमचा गेला, हे तुमच्या लेकीने पहिल्याच भेटीत सांगितलंय आम्हाला."