ढील

चपला पाण्याच्या कडेला जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. पिशवी होती. आमिषाचा डबा उघडा आणि रिकामा पडला होता. गळाच्या दोन्ही काठ्या बेचक्यांवर टेकलेल्या होत्या. फक्त कुंडलिकचा पत्ता नव्हता.

शालन हातातला जेवणाचा डबा छातीशी धरून उभी राहिली. आता या माणसाला म्हणावं तरी काय! शुगरची गोळी गिळून पहिल्या एसटीनं मासे धरायला निघाला आणि डबा ओट्यावरच ठेवून गेला. गोळी पोटात, अन्न घरात. डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं, गोळी घेतली की लगेच खायचं, नाहीतर चक्कर येऊन पडाल. पण रविवार उजाडला की त्याला कटला माशाशिवाय दुसरं काही दिसतं का? मोहन्याहून कल्याण, कल्याणहून हे धरण, सगळ्या वाटेनं ती त्याला फोन लावत आली होती. तिनं आताही लावला. पिशवीतच वाजला मेला.

"अहो!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "अहो, कुठं आहात?"

समोर नुसतं पाणी होतं. पलीकडचा काठसुद्धा धड दिसत नव्हता.

तिचा आवाज ऐकून रवींद्र पळत आला. हा कळव्याचा रिक्षावाला, कुंडलिकचा दर रविवारचा जोडीदार. शंभर पावलांवर त्याचाही गळ पडलेला होता.

"वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"हे कुठं आहेत?"

"इथंच तर होते. मघाशी गळ गवतात अडकलेला, म्हणून चपला काढून उतरायला निघालेले. मी ओरडलो ना इथनं, भाऊ, उतरू नका, तिकडे खोल आहे. मग माझ्याच गळाची घंटी वाजली, मी तिकडे वळलो आणि..."

रवींद्र पाण्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात डावीकडच्या काठीची घंटी किणकिणली. एकदाच. काठीचं टोक खाली वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

शालननं जन्मात गळाला हात लावला नव्हता. घरात त्या काठ्या आडव्या आल्या तर ती पायानं सरकवायची. आज तिनं डबा टाकला आणि ती काठी दोन्ही हातांनी पकडली. जड. नुसतं जड. ओढ नाही, झटका नाही. पाण्याखाली काहीतरी मोठं होतं आणि ते हलत नव्हतं.

"वहिनी, द्या इकडे. मी बघतो."

"नाही."

"अहो, द्या ना."

"हात लावू नका म्हणते ना!"

ती रीळ फिरवायला लागली. ते धड फिरेना, तेव्हा तिनं सरळ दोराच हाताला गुंडाळला आणि मागं सरकत ओढायला लागली. नायलॉनचा बारीक दोरा तळव्यात रुतला. सकाळी पोहे करून दिले असते तर? पाच मिनिटांचं तर काम होतं. पण कालच्या भांडणाचा राग होता, म्हणून ती कूस बदलून पडून राहिली होती. जागी असून. तो दार ओढून गेला तेही तिनं ऐकलं होतं.

आणि एकदम पलीकडून ओढ लागली.

"जिवंत आहेत!" शालन किंचाळली. "जिवंत आहेत हो!"

"वहिनी, ढील द्या! दोरा तुटेल, ढील द्या!"

ढील कसली देते ती! ती गुडघाभर पाण्यात गेली, पाय चिखलात रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. हातातून रक्त दोऱ्यावर उतरलं. दहा हातांवर पाणी फुटलं, आणि परातीएवढं शेपूट वर येऊन फाडकन आपटलं.

कटला. मासाच होता तो.

हा मासा, तर मग ते कुठं?

"अगं, ढील दे! ओढायचं नसतं त्याला, दमवायचं असतं!"

आवाज मागून आला होता. वरच्या करंजाच्या झाडाखालून कुंडलिक एकेका झुडपाला धरत अनवाणी उतरत होता. पांढराफटक पडलेला. मिशीला गूळ लावलेली कणीक चिकटली होती.

"डोळ्यांसमोर अंधारी आली," तो रवींद्रला म्हणाला. "चपला घालायला वाकलो असतो तर तिथंच पाण्यात गेलो असतो. माशांचं आमिष खाल्लं सगळं आणि सावलीत जाऊन पडलो. हाक ऐकली हिची, पण तोंडातून शब्द फुटेना."

मग तो पाण्यात उतरून शालनजवळ आला. ती वळली नाही. दोरा तिच्या हातात तसाच ताणलेला होता. त्यानं तिची बोटं सोडवायला घेतली. ती सुटेनात. एक सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं.

"अगं, हात बघ कसा कापलाय," तो म्हणाला. "सोडून द्यायचा. एका माशासाठी कुणी एवढं करतं का?"

शालननं त्याच्याकडं पाहिलं.

"मासा आहे हे मला कुठं ठाऊक होतं?"