स्वयंपाकघरातल्या चपला

"टाच दुखते म्हणून तुम्ही पाय तिरका टाकता. घरातही मऊ चपला घाला. पडलात तर खुबा मोडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत चप्पल शिरलेली नाही. सुनेला विचारा," मी ठणकावलं.

तरी नव्या चपला घालूनच घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात अडले. घालून आत जावं तर सुनेपुढे नाक कापलं जाणार, अनवाणी जावं तर फरशी ओली. एक चप्पल काढली आणि तोलच गेला.

कुंदा, माझी सून, धावत आली. तिनं मला दंडाला धरलं. "चपलांसकट आत या, आई."

खाली बघते तर तिच्याही पायात चपला, टाचेकडे पार झिजलेल्या.

"कधीपासून गं हे?"

"अकरा वर्षं झाली. तुमची पाठ वळली की घालते. माझीही टाच दुखते ना."

अकरा वर्षं मी गल्लीभर मिरवत होते, आमच्या कुंदाचा स्वयंपाक कडक सोवळ्यातला!

"आण ती दुसरी चप्पल, घाल माझ्या पायात," मी म्हणाले. "आणि शेजारच्या गोदाक्काला यातलं अक्षर कळता कामा नये."