आतली काच

तिसऱ्या गिऱ्हाइकाचाही चेहरा लालच आला.

पहिला आला तेव्हा तिला वाटलं, माणूस उन्हातून चालत आलाय. दुसरी बाई तर पांढरीफटक होती, तीही कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर भाजल्यासारखी दिसली. आता ऑफिसला जाता जाता आलेल्या कारकुनाने मान लांब करून त्या पडद्यात डोकावलं आणि विचारलं, मी एवढा चिडलोय का? तिने दिवे बदलले, मागचं कापड बदललं, कॅमेऱ्याला दोन शिव्या घातल्या. कारकून लालच राहिला. उद्या या म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायची ही तिची पहिलीच वेळ.

फोटोचं दुकान तिचं होतं. नवरा फोटो छापून कापायचा, सून गल्ला बघायची, धाकटा मुलगा कॉम्प्युटरवर बसायचा. पण बटणावर बोट फक्त तिचं. शाळा चौथीत सुटली होती. तरी कुणाची हनुवटी किती खाली घ्यायची हे तिला कुणी शिकवायला आलं नव्हतं. कॅमेरा ती हातात धरूनच फोटो काढी. तिपाई नवशिक्यांसाठी, म्हणायची.

शेजारच्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्यासमोर तिने कॅमेरा आदळलाच. त्याने तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, बिघाड काही नाही. कॅमेऱ्याच्या पोटात एक काच असते, ती जास्तीचा लाल उजेड अडवते, म्हणून माणसं माणसांसारखी दिसतात. ती काच परवा संध्याकाळी त्यानेच काढली होती. धाकटा घेऊन आला होता.

"मला वाटलं, तुम्हाला विचारूनच आणलाय, बाई."

तिने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि घराचा रस्ता धरला.

धाकट्याला घरात सगळे ताऱ्या म्हणत. सुटीच्या आदल्या रात्री दुकानाचा कॅमेरा तो गच्चीवर न्यायचा. दुर्बीण नाही, काही नाही. तोच कॅमेरा, तीच साधी लेन्स, आणि खाली आकाशाबरोबर हळूहळू फिरणारी एक मोटर. आकाशाच्या एकाच तुकड्याचे शेकडो फोटो काढायचे, बिघडलेले फेकायचे, उरलेले कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे. मग डोळ्यांना जे दिसत नाही ते धुरासारखं वर येतं. हे सगळं तिनेच गिऱ्हाइकांना ताठ मानेने सांगितलं होतं. माझं गिऱ्हाईक एकदा डोळे मिटतं तर मी वैतागते, ती म्हणायची, याचं गिऱ्हाईक शंभरदा बोलावल्याशिवाय तोंड दाखवत नाही. आकाशातल्या लाल ढगांसाठी ती आतली काच काढू का, असं त्याने विचारलं होतं. तिने एका शब्दात नाही म्हटलं. पोराने मुकाट मान हलवली होती. म्हणजे पुढून मान हलवली आणि मागून सुरी चालवली.

घरी तिघं चहाचे कप समोर घेऊन बसली होती. तिने कॅमेरा कपांच्या मधोमध ठेवला आणि तोंड उघडलं. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. आकाशातल्या धुरासाठी घरातली चूल विझवलीस, म्हणाली. चोर बाहेरचा असता तर कडी तरी वाजली असती. परक्याने गळा कापला तर ओरडता येतं, पोटच्याने कापला तर काय करायचं तेवढं सांग.

ताऱ्या तिच्याकडे बघतच नव्हता. तो बापाकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही आईला सांगितलंच नाही?"

नवऱ्याने उचललेला कप खाली ठेवला. सून उठली आणि भरलेली किटली पुन्हा भरायला आत गेली.

मग थोडं थोडं करून बाहेर आलं. नवा कॅमेरा आणलेला होता. कपाटात, चादरींच्या खाली. आजपासून दुकानातले फोटो सून काढणार होती आणि जुना कॅमेरा आकाशासाठी ताऱ्याला मिळणार होता. ती दुकानात असताना तिघांनी हे ठरवलं होतं. तिला सांगायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. काल सुटी होती, तेव्हा सांगणार होता. काल तो तिच्याशेजारी बसून शेंगा सोलत राहिला आणि उकाड्याबद्दल बोलला. आज सगळे उठायच्या आत ती नेहमीसारखी टेबलावरचा कॅमेरा उचलून निघून गेली.

तिने खुर्ची ओढली. शिव्या संपल्या होत्या. माझ्या कामात काय खोट काढलीत, तिने विचारलं. वर्षभरात एक तरी फोटो परत आलाय का?

ताऱ्याने लॅपटॉप आणून तिच्यासमोर उघडला. परवा फोटोला आलेली शाळकरी मुलगी होती. तिला दोन नाकं होती. पुढच्या फोटोत तिचे डोळे ओघळून गालांवर आले होते. त्याच्या पुढच्यात चेहराच नव्हता, नुसता हलका डाग.

"तुझा हात थरथरतो, आई. कॅमेऱ्याचा आवाज मी बंद करून ठेवलाय. तू एकदा दाबतेस, तो वीस काढतो. हललेले मी फेकतो, उरलेले एकावर एक बसवतो. ताऱ्यांचे बसवतो तसेच."

तिने टेबलावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. तिला तो स्थिर वाटला. मग तिने तिघांकडे पाहिलं. त्या हाताकडे न बघण्याची तिघांना चांगली सवय झालेली होती.

तुला वाईट वाटेल म्हणून, नवरा म्हणाला.

"तारे लांब असतात, त्यांना सांगता येत नाही," ती म्हणाली. "मी तर याच घरात होते."