आठ दिवस आधी

चाळीसगावच्या उन्हातही दीपमालाने ऑर्किड जगवलं होतं. कुंडीत मातीऐवजी कोळसा आणि नारळाची सोडणं, वर हिरवी जाळी आणि रोज सकाळी पाण्याचा फवारा.

डिसेंबरात पिंपळनेरहून थोरल्या बहिणीचा, मृणालीचा व्हिडिओ कॉल आला. "फुलांचा दांडा फुटला की गं, त्या खालच्या पानाखालून," स्क्रीनवर कुंडी बघत ती म्हणाली.

दीपमालाने पानं उचलून पाहिली. दांडा नव्हता.

आठ दिवसांनी तो फुटला, ताईने सांगितलेल्याच पानाखालून.

पुढे ताईने सात कळ्या मोजल्या. त्याही आठ दिवसांनी आल्या, सातच. आधी दीपमालाने हे हसण्यावारी नेलं. मग मात्र ताईला कुंडी दाखवण्याआधी ती स्वतः सगळं मोजून घेऊ लागली.

काल दुपारी सातही फुलं टवटवीत होती. तिने फोन समोर उभा केला आणि कुंडी मांडीवर घेऊन बसली.

ताई स्क्रीनजवळ वाकली.

"फुलं सुकली गं सगळी. पाणी कोणी घालत नाही का?"

"मी रोज फवारते, ताई."

"आवाज येतोय तुझा. पण तू आहेस कुठे? जरा समोर ये ना."

स्क्रीनच्या कोपऱ्यात दीपमालाला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसत होता.