मूठ

प्लोवदिवच्या इस्पितळात राद्का वडिलांच्या खोलीत शिरली, तेव्हा सिस्टर पेन्का बेशुद्ध म्हाताऱ्याच्या छातीच्या हाडावर मूठ दाबून जोरजोरात रगडत होती. छाती काळीनिळी पडली होती. राद्काने तिला भिंतीवर ढकललं आणि एक थोबाडीत ठेवून दिली.

"चेरीच्या झाडावरून डोक्यावर पडलेत बाबा. त्यांना मारतेस, लाज नाही वाटत?"

पेन्काने गाल चोळला. "मारत नाही गं पोरी. मेंदू जागा आहे का, ते असंच बघावं लागतं. दुखलं की तुझा बाप माझा हात झटकतो. सकाळी तर आईवरून शिवी हासडली मला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

राद्का ओशाळली. मग रोज दारातूनच विचारू लागली, "आज दिली का शिवी?"

आधी शिव्या थांबल्या. मग हात झटकणं थांबलं.

आज पेन्काने पुन्हा मूठ रगडली आणि बराच वेळ वाट पाहिली. मग मूठ उघडून तिने म्हाताऱ्याची छाती तळहाताने हलकेच कुरवाळली.

राद्काने तिचं मनगट घट्ट धरलं.

"कुरवाळू नका, सिस्टर," ती म्हणाली. "मारा त्यांना."