काकाजींचं मागचं चाक

"भोक नाई त्याले, काकाजी! किती खेपा सांगू?"

आदेशनं कपाळावर हात मारला. तळेगावच्या फाट्यावरच्या त्याच्या पंक्चरच्या दुकानात हे काकाजी सातव्यांदा आले होते. दरवेळी मोटारसायकलचं मागचं ट्यूबलेस टायर बसलेलं. आदेश इमानानं चाकभर साबणाचं पाणी फिरवायचा, व्हॉल्वला थुंकी लावून बघायचा, रिमची कड तपासायचा. बुडबुडा म्हणून दिसायचा नाही. हवा भरून द्यावी, की तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर!

"मंग हवा जाते कुठं?" बाकावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत काकाजी म्हणाले. "एखांदी पट्टी मारून टाका ना, भाऊ. पैसे देतो."

"भोक नाई तं पट्टी कशाले? चांगलं टायर काऊन बिघडवू?"

"बरं, खर्रा तरी घ्या."

"मी खात नाई."

काकाजी गेले, पण आदेशचं डोकं तापलेलंच राहिलं. आधीच त्याच्या जिवाला काय कमी घोर होता? वय तेहतीस, आणि बारा ठिकाणांहून नकार. 'पंक्चरवाल्याले पोरगी कोण देते?' हे ऐकून कान किटले होते. आता ओळखीतल्या भैयाजींनी मध्यस्थी करून आष्टीचं स्थळ काढलं होतं. मुलगी वर्षाली, अंगणवाडीत शिकवणारी. मोबाईलवरचा तिचा फोटो पाहिल्यापासून आदेशच्या मनात दुसरी कुणी येईना. पण पोरीकडचे महिनाभर नुसतं 'पाह्यतो, सांगतो' करत होते. होकार नाही, नकार नाही. नुसता जीव टांगणीला!

सोमवारी सकाळी दुकानात ही गर्दी, आणि काकाजी पुन्हा दारात. तेही हसत.

"बाप्पा, आले!" आदेश उखडला. "काई बोलू नका. मले समजलं. आज लावतोच निकाल."

"अरे, आयका तं, भाऊ..."

"काई आयकाचं नाई! बसा बाकावर."

टायर दाबूनही न बघता त्यानं काकाजींकडं पाठ फिरवली आणि टोचा टायरमध्ये खुपसला. सूं करून हवा सुटली. डब्यातला एक गंजका खिळा उचलून त्यानं काकाजींपुढं धरला.

"हा पाहा, सापडला चोर!"

पट्टी मारली, हवा भरली. म्हाताऱ्याचं समाधान झालं की ही ब्याद कायमची टळली, बस्स.

काकाजींनी खिळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग पैसे बाकावर ठेवून ते निघून गेले. आदेशला हायसं वाटलं.

दुपारी भैयाजींचा फोन आला.

"काय करून बसला रे, आदेश? आष्टीवाल्यायचा नकार आला ना!"

"काऊन?" आदेशनं हातातला पाना खाली ठेवला. "त्यायनं मले पाह्यलं तरी कुठं?"

"वर्षालीचे बाबा सात खेपा आलते तुह्या दुकानात. फाट्याच्या अलीकडं थांबून मागच्या चाकाची हवा सोडत, पोरगा इमानी हाये का पाहाले. सातही खेपा पास झाला तू!"

"मंग आज...?"

"आज त्यायनं हवा सोडलीच नवती. आज ते होकार द्याले आलते."