स्टाइनव्होरचा थोरदेव

ज्या वर्षी आल्फदिसचं लग्न झालं, त्याच वर्षी महासभेनं सगळ्या बेटाला बाप्तिस्मा घ्यायला लावला. थंड पाण्यात कोण बुडणार? आमच्या फ्योर्डची, डोंगरांमधल्या या खाडीकाठची, माणसं परतीच्या वाटेवर गरम झऱ्यात बुडून आली. आल्फदिसची आई स्टाइनव्होरही बुडून आली. घरी पोचली, केस पुसले, आणि आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्यात जुन्या धर्माच्या, मेघगर्जनेच्या थोरदेवापुढे वाडगाभर बिअर ठेवली.

मूर्ती पुरुषभर उंचीची. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी, वाहून आलेल्या ओंडक्यातून कोरलेली.

त्यात गुन्हा नव्हता. नवा कायदाच तसा होता. घरात जुना देव पुजा, पण कुणी पाहता कामा नये. पाहणारा साक्षीदार निघाला, तर पुजणाऱ्यानं तीन वर्षं देश सोडायचा. म्हणून स्टाइनव्होरनं देव्हाऱ्यापुढे जाड लोकरीचा पडदा टांगला.

थंडीच्या तोंडाशी तिच्या मुलानं, ओर्मनं, वस्तीचा म्होरक्या कोल्बेन याच्या भावाला कुऱ्हाडीनं मारलं. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या वाटणीवरून बोलाचाली झाली आणि तो जागीच संपला. ओर्म होडी घेऊन पळाला. होडी खाडीत उलटी सापडली, ओर्म सापडला नाही.

"समुद्रानं माझं काम केलं," कोल्बेन म्हणाला. "पण मन भरलं नाही. हाताला लागला असता तर मीच तोडला असता."

स्टाइनव्होरनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती साऱ्या वस्तीसमोर नवस बोलली, की ओर्म मार्गी लागेपर्यंत थोरदेवाला एक दिवस उपाशी ठेवणार नाही.

तिनं तो पाळला. सुका मासा, दही, लोणी, जे घरात असेल ते आधी पडद्याआड जाई. आल्फदिस माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, तू निम्मी झालीस. देव एवढं खातो?"

"नवसाचा देव आहे. भूक मोठी असते."

"मला बघू दे तरी."

"बघ आणि साक्षीदार हो. मग आईला देशाबाहेर घालवायला तूच सभेत उभी राहा."

आल्फदिसनं पडद्याकडे पाठ फिरवली. वस्तीतली माणसंही त्या घरावरून जाताना मान दुसरीकडे फिरवत. म्हातारीला उगाच कोण संकटात टाकेल?

बर्फ वितळला तसा कोल्बेन आला. त्याच्या अंगणात आता चर्चच्या भिंती उभ्या राहत होत्या. तो उंबऱ्यातच, पडद्याकडे पाठ करून बसला. स्टाइनव्होरनं त्याच्यापुढे ताक ठेवलं.

"काकी, ही मुभा फार दिवस राहत नाही. येत्या सभेत निघेल, नाही तर पुढच्या. मग मला माणसं घेऊन यावं लागेल. ओंडका आजच दे. जाळून मोकळा होतो."

"ओंडका म्हणू नकोस. माझ्या माणसानं कोरलाय तो."

"बरं, देव म्हणतो. देव दे."

"जाळायला नाही देणार."

"मग काय करणार? पोटाशी धरून बसणार?"

"बसेन. आधी मला जाळ."

कोल्बेननं कपाळाला हात लावला. "माझा भाऊ तुझ्या पोरानं मारला, तरी तुझ्या दारात ताक पितोय मी. माझ्यावर ही वेळ आणू नकोस."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "खाली त्या व्यापारी स्वेर्तिंगचं जहाज लागलंय. स्वीडनला जातंय. तिकडे अजून थोरदेवाला मानतात. त्याला तिकडे धाडते."

"आणि नवस?"

"ते मी आणि तो बघून घेऊ."

कोल्बेनचा चेहरा मोकळा झाला. "माणसं मी देतो. आत्ता देतो. तुझं मन बदलायच्या आत."

"पण तोंड कुणी बघायचं नाही. मी स्वतः गुंडाळणार. कापड सोडलंत तर नवस मोडल्याचं पाप तुमच्यावर."

"कोण सोडतंय? पाहिला तर मीच साक्षीदार!"

तिनं दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा जाड घोंगड्यात गुंडाळलेला, दोरांनी बांधलेला देव फळीवर आडवा होता. कोल्बेननं स्वतः पुढची बाजू खांद्यावर घेतली. मागे त्याचा गडी थोर्लाक.

"लई जड आहे की!" थोर्लाक म्हणाला.

"असणारच. हिवाळाभर लोणी हाणलंय यानं," कोल्बेन म्हणाला, आणि दोघं हसले. उतारावर थोर्लाकचा पाय घसरला तसा कोल्बेन त्याच्यावर ओरडला, "सांभाळ! म्हातारीचा जीव आहे त्यात."

स्टाइनव्होर फळीला हात लावून शेवटपर्यंत सोबत चालली. जहाजावर सामान ठेवताना तिनं स्वेर्तिंगला सांगितलं, "जमीन दिसेनाशी झाली की दोर सोड. त्याला समुद्र बघायला आवडतो."

"चला, सुटलीस काकी," कोल्बेन म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटत. तू मोठं काम केलंस, बाबा. देव तुझं भलं करो."

"कुठला देव?"

"जो असेल तो."

शीड लांब गेल्यावर ती घरी आली. दार लावलं. पडदा सारला. देव्हाऱ्यात थोरदेव उभा होता. तिनं त्याच्या लाकडी दाढीला लोणी फासलं आणि वाडगाभर बिअर पुढे ठेवली.

ओर्म वारला तो खूप वर्षांनी, स्वीडनजवळच्या गॉटलंड बेटावर, थोरल्या नातीच्या लग्नानंतरच्या थंडीत, आपल्या अंथरुणात.